खड्ड्याचा धनी

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघाले की देहूरोड मागे पडल्यावर, सोमाटणे फाट्याच्या अलीकडे, घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. पुढे तळेगाव, वडगाव, कामशेत ओलांडले की बेडसे, भाजे, कार्ले. ज्यांनी ही लेणी कोरली त्यांच्यापाशी छिन्नी आणि हातोडा याखेरीज फारसे काही नव्हते. त्यांनीही डोंगरातून दगडच काढला, आणि थोडाथोडका नव्हे. परंतु दगड काढून झाल्यावर मागे जे उरले त्यात भर पावसाळ्यात माणसाला निवारा मिळाला, टेकायला ओटा मिळाला, प्यायला पाण्याचे टाके मिळाले. आज त्याच मावळात, त्याच काळ्या पाषाणातून, सुरुंग, पोकलेन आणि खडी क्रशर यांच्या साहाय्याने आपण दगड काढीत आहोत. आपण मागे काय ठेवून जात आहोत, हे पाहण्यास कोणा पुरातत्त्ववेत्त्याची गरज नाही. शिवारात चार पावले आत गेले की पुरे.

वाचकहो, हा लेख आम्हांस एखाद्या खाणमालकावर दगड भिरकावून सुरू करता आला असता, आणि तसे करणे सोयीचेही झाले असते. पण सोमाटण्याच्या शिवारातील एक खड्डा आमच्याच सातबाऱ्यावर आहे. तेव्हा आधी तो सांगणे भाग आहे.

आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे. वडील तळेगावच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि निवृत्तीपूर्वी त्यांनी सोमाटण्याजवळ दीड एकर माळ घेतला. तिथे फारसे पिकत नसे. पावसाळ्यात थोडी नाचणी, बांधावर चार आंबे, उरलेल्या जागेत शेजाऱ्यांची गुरे चरत. वडील गेले आणि २०१० साली एक ठेकेदार घरी आला. ‘माळ उंचसखल आहे, मुरूम आणि दगड आम्ही नेतो, जाताना लेव्हल करून देतो, पुढेमागे प्लॉट पाडायला बरे,’ असे त्याचे म्हणणे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोन वर्षांचा करार झाला. परवाना त्याच्या नावे होता म्हणे. आम्ही तो कधी पाहिला नाही. पैसे मात्र मोजून घेतले. त्या पैशांत धाकट्या बहिणीचे लग्न झाले आणि घरावर दुसरा मजला चढला. दोन वर्षांची चार वर्षे झाली, आणि ठेकेदार गेला तेव्हा माळाच्या जागी तीस-पस्तीस फूट खोल, उभ्या कड्यांचा, बिनकुंपणाचा खड्डा होता. वरची माती कुठे गेली हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नव्हते. ती पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी बंगल्याच्या बागेसाठी विकली गेली होती.

पुढच्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांची दुभती म्हैस त्या खड्ड्यात घसरली आणि बुडून मेली. ते घरी आले तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांना करार दाखवला. परवाना ठेकेदाराचा, खणले त्याने, आमचा काय संबंध? ठेकेदाराचा फोन अर्थातच बंद होता. शेजारी आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आईकडे वळून म्हणाले, ‘मावशी, एवढंच सांगा, म्हैस कुणाच्या सातबाऱ्यावर मेली?’

आमच्या आईला वाचन फारसे येत नाही, पण पवित्र शास्त्रातील ऐकलेले तिच्या पक्के ध्यानात राहते. तिने म्हशीची निम्मी किंमत त्याच दिवशी दिली. मग आम्हांस म्हणाली, ‘मोशेचं काढा. खड्ड्याचं आहे त्यात.’

होते खरेच. निर्गमाच्या पुस्तकात, दहा आज्ञांच्या लगेच पुढच्या अध्यायात, एकविसाव्यात, खड्ड्याचा कायदा आहे. कोणी खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात परक्याचे जनावर पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने जनावराच्या मालकाला भरपाई द्यायची, असा त्याचा आशय. आम्ही हा अध्याय अनेकदा वाचला असेल, पण रानातल्या जुन्यापुराण्या चालीरीती म्हणून पाने उलटून पुढे गेलो होतो. आता पाहिले तर त्या कायद्याने कसली चौकशी केलेली नाही हेच नजरेत भरले. खणणाऱ्यापाशी परवाना होता का, खणणे गावाच्या गरजेचे होते का, त्यातून किती जणांना रोजगार मिळाला, यातले काहीच तो विचारीत नाही. खणणे गुन्हा आहे असेही तो म्हणत नाही. उघडा टाकणे हा गुन्हा. जोवर खड्डा झाकलेला नाही तोवर त्याला धनी आहे, आणि धन्याला देणे आहे.

या एका कसोटीवर आम्ही आपल्या राज्यातील दगडखाणींचा विचार करू इच्छितो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीच्या पोटातील आणि पृष्ठावरील खनिजांवर हक्क राज्य शासनाचा. शेतकरी पेरील, कापील, विकील. पण त्याच्या शेतातील दगड शासनाचा. म्हणूनच तो काढण्यास परवाना लागतो आणि दर ब्रासमागे स्वामित्वधन भरावे लागते. २०२१ साली हा दर ब्रासला ४०० रुपयांवरून ६०० रुपये झाला. ठीक आहे, दगड शासनाचा असे मान्य करू. मग दगड काढल्यावर जी पोकळी राहते ती कोणाची? खनिज शासनाचे, स्वामित्वधन शासनाचे, विनापरवाना खणले तर दंडही शासनाचा. खड्डा तेवढा शेतकऱ्याचा! कोणत्या न्यायाने? जो मालाचा धनी म्हणून हात पुढे करतो तो खड्ड्याचा धनी म्हणून मागे का सरतो?

कायदे नाहीत असे नव्हे. उलट, कागदाची कमतरता या देशात कधीच भासली नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ ने गौण खनिजांचे, म्हणजे दगड, मुरूम, वाळू यांचे, नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. त्यामुळे झाले असे की मोठ्या खनिजांसाठी केंद्राने १९८८ साली संधारणाचे जे नियम केले, जमीन पूर्ववत करण्याची जी सक्ती घातली आणि २००३ साली खाण बंद करण्याचा आराखडा व त्यासाठी आर्थिक हमी यांची जी भर घातली, त्यातून ‘गौण’ खनिजे वगळली गेली. गौण या शब्दानेच घात केला म्हणा ना! लोखंडाची खाण महाराष्ट्रातील किती गावांनी पाहिली असेल? दगडाची खाण मात्र जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. जी खाण सर्वत्र आहे तीच कायद्याच्या लेखी किरकोळ ठरली.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या एका गटाने गौण खनिजांच्या उत्खननावर अहवाल दिला. त्यात खाणकामाचा आराखडा, भूजलाचा अभ्यास आणि खणून झालेल्या जमिनींच्या पुनर्वसनासाठी वेगळा निधी, अशा शिफारशी होत्या. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली आणि त्या अहवालाच्या धर्तीवर नियम करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्राचे नवे गौण खनिज नियम २०१३ चे. ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने केंद्राला आदेश दिला की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यास व जीवसृष्टीस योग्य करावी, ही अट खाणपट्ट्यांत घालावी. सुरुंग लावणाऱ्या खाणीच्या कडेला कुंपण हवे, कडा टप्प्याटप्प्याने उतरवलेल्या हव्यात, हे तर १९५२ च्या खाण कायद्याखालील १९६१ च्या नियमांपासून चालत आले आहे.

इतके सारे असून मावळातील एखाद्या सोडून दिलेल्या खाणीवर उभे राहावे आणि यातले काय दिसते ते पाहावे. महसूल खात्याला गौण खनिजाच्या वसुलीचे उद्दिष्ट वर्षाच्या आरंभी ठरवून दिले जाते. ते गाठले नाही तर अधिकाऱ्यास जाब द्यावा लागतो. परंतु यंदा तालुक्यात इतके हेक्टर खणलेली जमीन पूर्ववत झाली पाहिजे, असे उद्दिष्ट कोणा तहसीलदाराला दिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. मोजले जाते ते होते. रुपये मोजले जातात, म्हणून रुपये येतात.

आणि रुपये तरी किती? हा हिशेब आम्ही घरच्या वहीवर मांडला. वाचकांनीही मांडून पाहावा. एक हेक्टर जमीन दहा मीटर खोल खणली तर एक लाख घनमीटर दगड निघतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. फोडल्यावर दगड फुगतो ते सोडून द्या, घट्ट मापानेच धरले तरी पस्तीस हजारांहून अधिक ब्रास होतात. ब्रासला ६०० रुपये या दराने त्या एका हेक्टरावर शासनाचे स्वामित्वधन दोन कोटी रुपयांच्या वर जाते. आता कोळशाकडे पाहा. उघड्या कोळसा खाणी बंद करताना जमिनीची व्यवस्था लावता यावी म्हणून २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हेक्टरी सहा लाख रुपये आधीच वेगळ्या खात्यात ठेवण्यास सांगितले होते. तेच सहा लाख आपल्या दगडाच्या हेक्टरावर पसरले तर ब्रासमागे पडतात सतरा रुपये. सतरा! खडीच्या एका ब्रासच्या बाजारभावात हे सतरा रुपये बांधणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाहीत. परवडत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हा आकडा पुढे ठेवून म्हणावे.

२०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्याचा पैसा खाणबाधित भागासाठी आहे, आणि त्यातून नळयोजना व्हावी, शाळेची खोली व्हावी याला आमचा विरोध नाही. परंतु म्हैस मेलेल्या माणसाला शाळेची खोली दाखवून चालत नाही. खड्डा आहे तिथेच आहे.

या विषयावर बोलू लागले की एक उत्तर हमखास मिळते, आणि ते देणारे पुष्कळदा आपलेच सुशिक्षित बांधव असतात: ‘अहो, पाणी साठते ना त्यात! आयते शेततळे झाले.’ मावळात पावसाला तोटा नाही, तेव्हा पाणी साठते खरे. लांबून, मोटारीच्या काचेतून, ते निळेहिरवे पाणी देखणेही दिसते. पण शेततळ्याला उतार असतो, उतरायला वाट असते, खोली ठाऊक असते. इथे काठ म्हणजे सरळ कडा, आत मोडलेले दगड, खोली कोणाला माहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला उतरलेल्या मुलांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. विहिरीला कठडा न बांधणाऱ्यास गाव नावे ठेवते. कठडा नसलेल्या एकरभर विहिरीला आपण जलसंधारण म्हणतो. शिवाय मावळातील विहिरींचे पाणी बव्हंशी वरच्या मुरमाड थरातून आणि दगडाच्या भेगांतून झिरपत येते. शेजारी विहिरीहून खोल खड्डा झाला आणि खाण चालू असताना त्यातले पाणी पंपाने उपसत राहिले, तर त्या थरातील ओल खड्ड्याकडे ओढली जाते. तेव्हा ते ‘आयते’ पाणी कधी कधी शेजाऱ्याच्या विहिरीतूनच आलेले असते.

ज्या खड्ड्यांत पाणी राहत नाही त्यांचे काय होते ते सोमाटण्यापासून थेट वाघोली-मोशीपर्यंत कोणासही विचारा. रात्री डंपर येतात. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, कारखान्यांतील नको तो माल, हॉटेलांचा कचरा. वर दोन फूट मुरूम ओढला की जागा ‘लेव्हल’! हेच आमच्या ठेकेदाराने सांगितलेले लेव्हलिंग असावे.

मातीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या घरांत इंद्रायणी तांदूळ शिजतो. त्याच्या वासाने आळीला कळते की कोणाकडे पाहुणे आले आहेत. ही जात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तयार झाली आणि १९८७ साली प्रसारित झाली. ती याच तालुक्याच्या मातीची लेक आहे. मावळात काळ्या पाषाणावर मातीचा थर पुष्कळ ठिकाणी हातभरही नाही, आणि तेवढा व्हायला किती शतके लागली ते परमेश्वरालाच ठाऊक. खाण उघडताना पहिला बळी या थराचा जातो. नियम सांगतो की ती माती बाजूला ढीग करून ठेवावी आणि अखेरीस परत पसरावी. हे एवढे एक जरी पाळले तरी निम्मे काम होते. माती गेली तर नंतर लाख रोपे आणली तरी ती पाषाणावर कशी तगणार? वृक्षारोपणाचे फलक मात्र तगतात.

खणलेली जमीन पुन्हा जिवंत होते का, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणाऱ्यास आम्ही केनियातील मोंबासाजवळच्या बांबुरी गावी पाठवू. तिथे १९५४ पासून सिमेंटसाठी चुनखडक खणला जाई. १९७१ च्या सुमारास खणून झालेली भूमी पांढरी, भाजलेली, जवळजवळ निर्जीव होती. कंपनीच्या नोकरीत असलेल्या रेने हालर नावाच्या स्विस कृषितज्ज्ञाने तिथे सव्वीस जातींची झाडे लावून पाहिली, तीनच तगल्या. त्यांतले एक सुरूचे झाड, आपल्या वसईच्या किनाऱ्यावर आहे तेच. सुरू वाढला, पण त्याची गळलेली पाने कुजेनात, आणि पाने कुजल्यावाचून माती होणार नव्हती. मग हालर यांना एक लाल पायांचा पैसा किडा ती पाने खाताना दिसला. त्यांनी हे किडे गोळा करून आणून सोडले. किड्यांनी पाने खाल्ली, त्यांच्या विष्ठेतून खत झाले, खतातून माती झाली, मातीत दुसरी झाडे आली, मग पक्षी, मासे, जनावरे. आज तिथे हालर पार्क या नावाचे वन आहे. आम्हांस या कथेत सर्वांत भावते ते हे की तो मनुष्य कंपनीचाच नोकर होता, आणि कंपनीने त्याला वर्षानुवर्षे ते काम करू दिले. आपल्याकडे चुनखडक नाही, बेसॉल्ट आहे. बांबुरीची नक्कल इथे चालायची नाही. आपल्याकडे कड्याचे टप्पे पाडून आधी गवत, मग करंज, हिवर, धावडा, आणि कपारीत वड-उंबर असाच क्रम धरावा लागेल. पण क्रम धरायला कोणीतरी जागेवर थांबावे लागते.

फार दूर कशाला, गुरुग्रामचे पाहा. अरवलीतील खाणींनी उकरलेल्या डोंगरावर तिथल्या नागरिकांनी २०१० पासून स्थानिक जातींचेच रान पुन्हा उभे केले, आणि जैवविविधता उद्यान म्हणून ते नावारूपास आले.

गोव्याची कथा याच्या उलट आहे, आणि ती आपल्याला जवळची आहे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तिथे आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींनी भाटे-शेते गाळाने भरली आणि डोंगराएवढे मातीचे ढिगारे उभे राहिले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ साली आला, खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरवले आणि पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. खाणी बंद करणे म्हणजे जमीन परत मिळणे नव्हे, हे गोव्याने आपल्याला दाखवले. खटले जिंकले गेले, पण ढिगारे जागच्या जागी राहिले, आणि खाणीवर पोट असलेला ट्रकवाला रिकाम्या हाताने घरी बसला. जमीन पूर्ववत करण्याचे काम खाण चालू असतानाच, नफा चालू असतानाच करायचे असते. तेच काम त्या ट्रकवाल्याला काही वर्षांचा रोजगार देऊ शकले असते.

रोजगाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. ‘गरिबांच्या पोटावर पाय देऊ नका’ हे वाक्य खाणींच्या बाजूने फार वापरले जाते. ज्यांचे पोट खरोखर दगडावर आहे ते पुष्कळदा वडार समाजाचे, सोलापूर, मराठवाडा, कर्नाटकातून उचल घेऊन आलेले. ते खाणीच्या काठावर पत्र्याच्या खोपीत राहतात, त्यांची लेकरे धुळीत वाढतात. त्यांच्या मुलांसाठी वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून पाषाण शाळा चालवल्या, तेव्हा कुठे त्या मुलांची नावे हजेरीपटावर आली. खाण संपली की या माणसांना कोणी विचारीत नाही. ती पुढच्या खाणीवर जातात. जमिनीच्या पुनर्वसनात त्यांना मजुरीचा पहिला हक्क असावा असे आमचे मत आहे. ज्या हातांना डोंगर फोडता येतो त्यांना टप्पे पाडता येत नाहीत असे कोण म्हणेल?

आणि आता आपल्या अंगणात येऊ. दगड लागणार आहे. द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला तो खडीवरच. उर्से येथून निघणारा पुण्याचा वर्तुळाकार महामार्ग आणखी डोंगर मागणार. आणि आपण स्वतः काय पर्णकुटीत राहतो? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुणे परिसरात आपल्या समाजाने चर्चे बांधली, सभागृहे बांधली, शाळांना मजले चढवले. पायाभरणीला धर्मगुरूंनी पवित्र जल शिंपडले, दगडावर क्रूस कोरला. तो दगड ज्या जागेतून आला त्या जागेचे पुढे काय झाले, हा प्रश्न एखाद्या बांधकाम समितीच्या बैठकीत कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्हीही अशा एका समितीत होतो. आम्हीही विचारला नाही. सिमेंटची गोणी, सळईचा भाव यांवर मात्र तासन्‌तास बोललो.

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २४ मे २०१५ चे. त्याच्या ५१ व्या परिच्छेदात अर्जेंटिनातील पातागोनिया भागाच्या बिशपांचा हवाला देऊन त्यांनी उद्योग आपले काम आटोपून निघून गेल्यावर मागे राहणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. तीत उघडे खड्डे आहेत, फोडलेले डोंगर आहेत. म्हणजे हा विषय ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत घुसडावा लागत नाही, तो तिथे आहेच. तरीही ‘हे राजकारण आहे, चर्चमध्ये नको’ असे आम्हांस ऐकवले गेले. ऐकवणाऱ्यांना आम्ही वसईची आठवण दिली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना उभे केले तेव्हा त्यांनाही हेच ऐकवले गेले होते. २०२४ साली ते गेले तेव्हा त्यांना आदरांजली वाहताना हेच बोलणारे पुढच्या रांगेत होते.

पापनिवेदनाची एक गोष्ट आपल्याला बालपणी शिकवलेली आहे: चोरलेली वस्तू परत करता येत असताना जवळ ठेवून नुसती क्षमा मागता येत नाही. भरपाई हा पश्चात्तापाचा भाग आहे. डोंगर परत करता येत नाही हे खरे. माती, गवत, उतार आणि कुंपण परत करता येते.

म्हणून आमच्या मागण्या आहेत त्या अशा. खाणपट्टा देतानाच ब्रासमागे ठरावीक रक्कम त्या गट क्रमांकाच्या नावाने वेगळ्या खात्यात जमा व्हावी. तिचा उपयोग त्या खड्ड्याखेरीज अन्यत्र होऊ नये. वरची माती शिवाराबाहेर नेण्यास बंदी असावी आणि ती कुठे रचली आहे हे पंचनाम्यात लिहावे. पट्टा व पुनर्वसनाची जबाबदारी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावी, म्हणजे जमीन विकली तरी खड्ड्याचा धनी कागदावर राहील. जुना खड्डा पूर्ववत झाल्याचा दाखला ग्रामसभेने दिल्याखेरीज त्याच ठेकेदारास तालुक्यात नवा पट्टा मिळू नये. आणि आपल्या धर्मग्रामांच्या बांधकाम समित्यांनी खडी घेताना परवान्याची व पुनर्वसन आराखड्याची प्रत मागावी. नाही मिळाली तर दुसरा पुरवठादार पाहावा, चार पैसे अधिक गेले तरी. शासनाची वाट न पाहता हे शेवटचे उद्याच करता येण्याजोगे आहे.

आमच्या खड्ड्याला यंदा उन्हाळ्यात तारेचे कुंपण घातले. एका बाजूचा कडा फोडून जनावर आणि माणूस वर येऊ शकेल असा उतार केला. त्याला आईने दिलेल्या म्हशीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. तो भावंडांनी वाटून घेतला, बहिणीनेही. उताराला करंजाची चाळीस रोपे लावली होती. त्यांतली तेरा उरली आहेत, कारण माती नाही. म्हशीची राहिलेली निम्मी किंमतही शेजाऱ्यांना पोहोचती केली. त्यांनी ती घेतली, मोजली नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी वरील मागण्यांचा अर्ज तयार केला आहे. त्यावर पहिली सही शेजाऱ्यांची आहे. ज्या वाचकांच्या सातबाऱ्यावर असा खड्डा असेल, मग तो मावळात असो, मुळशीत असो की नगरकडे, त्यांनी गाव व गट क्रमांक कळवावा. अर्जाचा नमुना टपालाने पाठवू.